गळालेला ‘नका’

“एकदाच लिहायचं! पुन्हा म्हणून हात लावायचा नाही!”

हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे, की ऑफिसातले लोक त्यांचं खरं आडनाव विसरून गेले आणि सगळे त्यांना ‘एकदाचे’ म्हणू लागले. सकाळी ते दारातून आत शिरले की हिशेबनीस मान वर न करता म्हणायचे, “आले एकदाचे!” संध्याकाळी निघाले की म्हणायचे, “गेले एकदाचे!” एकदाच्यांना यातला खवचटपणा कधी कळला नाही. उलट, आपण नसलो की ऑफिस सुनंसुनं होतं अशी त्यांची समजूत होती.

कंपनी स्वयंपाकघरातली यंत्रं बनवायची. एकदाचे बनवायचे त्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका. म्हणजे खोका उघडल्यावर सगळ्यात आधी हाताला लागतं आणि सगळ्यात आधी बाजूला फेकलं जातं, ते!

पूर्वी पुस्तिकेचा मजकूर वेगळा असायचा आणि वेबसाइटचा वेगळा. इकडे दुरुस्ती केली की तिकडे राहायची. एका मिक्सरला पुस्तिकेत दोन भांडी होती आणि वेबसाइटवर तीन. एक बाई तिसऱ्या भांड्यासाठी इतके दिवस फोन करत राहिल्या, की शेवटी टेलिफोनवाली मुलगी त्यांना ‘मावशी’ म्हणायला लागली.

मग एकदाच्यांनी नवी पद्धत आणली. मजकुराची फाईल एकच. तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याला टॅग लावायचा: हा मथळा, ही सूचना, हा इशारा. आणि मग दोन साचे. एका साच्यातून फाईल घातली की वेबसाइटचं पान बाहेर पडणार, दुसऱ्यातून घातली की छापायची पुस्तिका!

“कापड एकच,” त्यांनी घरी बायकोला समजावलं. “एका बेतावर शर्ट, दुसऱ्या बेतावर पॅन्ट. कळलं?”

“आणि शिंपी चुकला तर?”

“शिंपी मी आहे!”

“म्हणून तर विचारतेय,” बायको म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

साचे बनवताना एकदाच्यांनी जीव ओतला. मिक्सरच्या नव्या मॉडेलची फाईल घेतली. ‘भांडे काठोकाठ भरू नका’, ‘गरम पदार्थ घालू नका’ अशा सगळ्या सूचनांमधला ‘नका’ त्यांनी निवडून निवडून वेगळा काढला आणि त्याला ‘इशारा’ असा खास टॅग लावला. स्क्रीनवर प्रत्येक ‘नका’ लालभडक आणि ठसठशीत दिसू लागला. नुसतं बघूनच माणूस दोन पावलं मागे सरकावा! एकदाचे स्वतः सरकले.

कागदाच्या साच्यात मात्र पहिल्याच चाचणीला एक गंमत झाली. वेबसाइटसाठी घातलेलं ‘व्हिडिओ पाहण्यासाठी इथे दाबा’ हे बटण पुस्तिकेतही छापून आलं. साहेबांनी त्या कागदावर बोट दाबून पाहिलं. मग दुसरं बोट दाबलं. मग म्हणाले, “एकदाचे, हे चालत नाहीये.”

एकदाच्यांनी लगेच कागदाच्या साच्यात नियम टाकला: छापायच्या टॅगांच्या यादीत नसलेला कुठलाही टॅग दिसला, की तो आतल्या ऐवजासकट गाळून टाक. बटण गेलं! व्हिडिओ गेला! पान कसं स्वच्छ झालं! ‘इशारा’ हा टॅग कागदाच्या यादीत घालायचा राहून गेला होता, पण एवढ्या स्वच्छ पानाकडे बघताना असलं काही कुणाच्या मनात येतं का?

पुस्तिकेची छापायची प्रत साहेबांकडे तपासणीला गेली. अर्ध्या तासाने साहेब स्वतः उठून एकदाच्यांच्या टेबलापाशी आले. असं पूर्वी फक्त आग लागली होती तेव्हा झालं होतं.

“एकदाचे! काय भाषा आहे हो! काय जिव्हाळा!”

“कुठे साहेब?”

“सूचनांमध्ये! आजवर आपण गिऱ्हाइकाला नुसते दटावत आलो. हे करू नका, ते करू नका. आणि इथे? ‘भरू’, ‘घालू’, ‘दाबू’! जणू कंपनी गिऱ्हाइकाच्या शेजारी उभी राहून म्हणतेय, चला, आपण मिळून करू! मालकांना मी हेच सांगत होतो!”

एकदाच्यांना यातलं काही नीटसं कळलं नाही. पण कौतुक चालू असताना मध्ये प्रश्न विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते नुसते लाजले आणि म्हणाले, “प्रयत्न केला साहेब.” साहेबांनी सही ठोकली. पुस्तिका छापखान्यात गेली, छापून आली आणि मिक्सरच्या खोक्यांत जाऊन बसली. शुक्रवारी सकाळी गावोगावच्या विक्रेत्यांचा मोठा मेळावा होता आणि त्यात प्रत्येकाला एकेक खोका मिळणार होता.

पहिला खोका मात्र खूश होऊन साहेबांनी एकदाच्यांनाच भेट दिला. आणि एकदाच्यांनी तो नेऊन दिला सासऱ्यांना.

आता इथे सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. सासरे म्हणजे निवृत्त लिफ्ट तपासनीस. उभी नोकरी त्यांनी नियम वाचण्यात आणि दुसऱ्यांना ते वाचायला लावण्यात घालवली होती. माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा, आणि वाचलेलं क्रमाने करणारा, जगाच्या पाठीवरचा हा एकमेव माणूस असावा. छापील अक्षरावर त्यांची भारी श्रद्धा. “छापलंय म्हणजे कुणीतरी तपासलंय,” ते म्हणायचे. वेबसाइट वगैरे त्यांच्या लेखी भिंतीवर खडूने लिहिल्यासारखं. सासूबाईंचं बरोबर उलट. काही अडलं की त्या आधी फोनवर शोधायच्या.

बुधवारी दुपारी एकदाचे डबा खाऊन सुस्तावले होते, तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

“जावईबापू, कामात नाही ना? तुम्ही दिलेला मिक्सर आज काढलाय. सूप करायला घेतलंय. पण आमच्यात जरा वाद झालाय.”

“वाद नाही!” स्पीकरवर ऐकणारे सासरे मागून गरजले. “तुझं चुकतंय, एवढंच!”

“बघा ना! माझ्या फोनवर लिहिलंय की गरम पदार्थ घालू नका. हे म्हणतात घालू. मी म्हटलं भांडं काठोकाठ भरू नका. हे म्हणतात भरू, आणि भरलंसुद्धा!”

“मी म्हणत नाही! पुस्तिका म्हणते!”

एकदाच्यांना हसू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात या दोघांचं एका तरी गोष्टीवर एकमत झालं होतं का?

“आई,” ते खुर्चीत रेलून म्हणाले, “वेबसाइट आणि पुस्तिका दोन्ही एकाच फाईलमधून निघाल्यात. फरक पडणंच शक्य नाही! तुमच्या फोनचा पडदा लहान, त्यावर कुठली तरी ओळ कुठे तरी जोडली गेली असेल. बाबा पुस्तिकेत बघून करतायत ना? मग बिनधास्त करू द्या. सगळं तसंच्या तसं!”

“ऐकलंस?” सासऱ्यांच्या आवाजात तपासनिसाचं तेज आलं. “लिहिणारा माणूस सांगतोय! सूचना क्रमांक तीन! झाकण लावल्याशिवाय बटण दाबू!”

“अहो, पण उकळते टोमॅटो आहेत...”

“दाबू!”

फोनमधून आधी घर्रर्र असा आवाज आला. मग फच्च! मग सासूबाईंची किंकाळी. मग सासूबाईंचा शांत झालेला आवाज, “अहो, छत बघा.”

एकदाचे ताठ बसले. झाकण लावल्याशिवाय? बटण? दाबू?

त्यांनी खण उघडून पुस्तिका काढली. सावधगिरीच्या सूचनांचं पान काढलं. ‘भांडे काठोकाठ भरू.’ त्यांना वाटलं, पुढच्या शब्दावर आपलं बोट आलंय. बोट काढलं. खाली कोरा कागद! मग त्यांना वाटलं, ‘नका’ पुढच्या पानावर गेला असेल. पान उलटून पाहिलं. तिथे भांडी धुण्याची पद्धत होती. त्यांनी पुस्तिका उलटी धरून हलकेच झटकलीसुद्धा. एकही ‘नका’ पडला नाही.

‘भांडे काठोकाठ भरू. गरम पदार्थ भांड्यात घालू. झाकण लावल्याशिवाय बटण दाबू. यंत्र सुरू असताना ते सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ. पाते फिरत असताना भांड्यात चमचा घालू. यंत्र पाण्यात बुडवू. ओल्या हाताने प्लग धरू.’

शेवटच्या दोन सूचनांपाशी त्यांना घाम फुटला.

“बाबा!” ते फोनमध्ये किंचाळले. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. “बाबा, थांबा! ऐका!”

पण फोन ओट्यावर पडलेला होता आणि शेजारी मिक्सर गरजत होता. त्या घरघरीतून सासऱ्यांचा आवाज तेवढा आला, “सूचना क्रमांक चार! यंत्र सुरू असताना ते सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ! चल गं!” आणि मग पावलांचा आवाज दूर दूर गेला.

एकदाच्यांनी चप्पल शोधली नाही. टेबलाखाली काढून ठेवलेली ती तशीच राहिली आणि ते तसेच अनवाणी सुटले.

“गेले एकदाचे!” हिशेबनीस सवयीने म्हणाले. मग घड्याळ बघून दचकले.

सासऱ्यांचं घर ऑफिसपासून दोन चौक पलीकडे. एरवी तिथे जायला एकदाच्यांना रिक्षा लागायची आणि तीही मिळाली नाही तर बरं वाटायचं. आज ते धावत होते. सासूबाईंच्या फोनवर कुणी ऐकत नव्हतं, म्हणून तो ठेवून धावता धावता त्यांनी बायकोला लावला.

“अगं, बाबा सध्या कितव्या सूचनेवर असतील?”

“कसली सूचना? धापा का टाकताय?”

“मिक्सरची! बाबा एक सूचना झाली की लगेच पुढची करतात, का मध्ये थांबतात?”

“बाबा ना? एक झाली की तिच्यापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करतात. पेन्सिलीला टोक नसेल तर आधी टोक करतात. मग पुढची. का हो?”

“देवा, पेन्सिलीला टोक नसू दे!” असं म्हणून एकदाच्यांनी फोन खिशात कोंबला.

जिना चढताना त्यांचा श्वास इतका चढला होता, की सगळं वाक्य तोंडातून निघेना. जो शब्द पुस्तिकेतून गळाला होता, तेवढाच निघत होता.

“नका! नका! नका!”

पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून पाहिलं. एक अनवाणी, घामाघूम गृहस्थ ‘नका नका’ ओरडत जिना चढतोय, पण मारणारं मागे कुणीच नाही! त्यांनी दार लावून कडी घातली.

स्वयंपाकघरात एकदाचे शिरले आणि जागच्या जागी थबकले. छत लाल. भिंती लाल. पंख्याच्या पात्यांवरून टोमॅटो ठिबकत होता. ओट्यावर लाकडी चमच्याचं अर्धुक पडलं होतं. म्हणजे पाचवी सूचना पार पडली होती. आणि मधोमध पाण्याने भरलेली बादली आणि तिच्याशेजारी मिक्सर काखेत धरून उभे असलेले सासरे. भुवयांवर सूप, नाकावर चष्मा, चष्म्यावर सूप, आणि हातात पुस्तिका. मिक्सरची वायर काखेतून निघून थेट भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली होती.

“बाबा, नका!” एकदाच्यांनी झेप घेऊन आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग प्लग उपटला आणि मग ते बादलीतच एक पाय घालून उभे राहिले.

“आलात? बरं झालं,” सासरे शांतपणे म्हणाले. “सहावी सूचना अपुरी आहे. यंत्र पाण्यात बुडवू, असं म्हटलंय. पण प्लग लावून बुडवू की काढून, याचा खुलासा नाही. त्यामुळे मी काम थांबवून ठेवलंय. ही त्रुटी आहे जावईबापू.”

एकदाच्यांना त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण स्वतःचा एक पाय बादलीत होता.

“बाबा, सूचना उलट्या आहेत सगळ्या! प्रत्येकीतला ‘नका’ गळालाय!”

सासऱ्यांनी चष्मा पुसला, पुस्तिका डोळ्यांजवळ नेली आणि शेवटपर्यंत वाचली.

“हं,” ते म्हणाले. “ओल्या हाताने प्लग धरू, ही मला जराशी संशयास्पद वाटलीच होती.”

“एवढी एकच?”

“बाकी सगळं छापील होतं ना!”

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. केसांत टोमॅटोची साल, पण चेहऱ्यावर असं समाधान की विचारू नका. त्यांनी आपला फोन पुसून नवऱ्याच्या नाकासमोर धरला. त्यावर लालभडक, ठसठशीत ‘नका’ ओळीने झळकत होते.

“बघा! इतकी वर्षं मी बरोबर असते, पण लेखी पुरावा पहिल्यांदाच मिळालाय. जावईबापू, हे पान असंच ठेवा हं, पुसू नका!”

छत पुसायला बायको आली. तिने एकदा छताकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “शिंपी!” एवढंच. पण ते त्यांना पुरलं.

खरा प्रश्न पुढे होता. एकदाचे ओल्या पायाने साहेबांसमोर उभे राहिले आणि त्यांनी घडलं ते सांगितलं. साहेबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“म्हणजे... तो जिव्हाळा ही चूक होती?”

“हो साहेब.”

“पण मी मालकांना सांगितलं की तो जिव्हाळा माझी कल्पना होती!”

मग साहेबांनी छापखान्याला फोन केला. छापखान्यात शाळांची प्रगतिपुस्तकं चालली होती आणि पुढच्या आठवड्यापर्यंत यंत्राला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मेळावा परवावर आलेला. मिक्सर पुस्तिकेशिवाय द्यावा, तर विक्रेते विचारणार. पुस्तिकेसकट द्यावा, तर छतं लाल होणार!

“शिक्का!” एकदाचे एकदम ओरडले. “साहेब, ‘नका’ असा रबरी शिक्का बनवू! प्रत्येक सूचनेपुढे जागा आहेच. ठोकत सुटायचं!”

साहेबांनी वर पाहिलं. “ठोका.”

दुसऱ्या दिवशी गोदामात शिक्के मारायचे म्हटल्यावर ऑफिसमधली निम्मी माणसं ऐनवेळी आजारी पडली. पण सासरे हजर झाले, बोलावल्याशिवाय! नोकरीतला जुना करडा कोट, स्वतःची शाईची गादी, बोटं पुसायला स्वतःचं फडकं. खोक्यांतून काढलेले पुस्तिकांचे गठ्ठे बघून त्यांचे डोळे चमकले. “कुठे मारायचा, नियम सांगा,” ते म्हणाले.

“सोपं आहे बाबा. भरू, घालू, दाबू, बुडवू. वाक्य असं ‘ऊ’वर संपलं, की त्याच्यापुढे शिक्का. डोकं चालवायचं नाही, नियम पाळायचा.”

“नोकरीत कधी चालवलं नाही,” सासरे म्हणाले, “आता काय चालवणार?” आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

काय तो वेग! काय ती सफाई! पान उलट, नजर फिरव, ठक्! ठक्! ठक्! एकही शिक्का वाकडा नाही, एकही शाईचा डाग नाही. सासूबाई शेजारी बसून खोके बंद करत होत्या. मध्ये एकदा त्या म्हणाल्या, “जावईबापू, एखादी पुस्तिका पूर्ण वाचून बघा बरं.”

“आई, नियम नीट सांगितला की पुन्हा बघायची गरज नसते,” एकदाचे म्हणाले. त्यांचा रंग आता परत आला होता. संध्याकाळच्या आत सगळे गठ्ठे संपले.

शुक्रवारी सभागृह भरलं. साहेबांनी भाषण केलं, टाळ्या झाल्या, खोके वाटले गेले. एकदाचे भिंतीला टेकून उभे होते. मागच्या रांगेत सासरे करडा कोट घालून ताठ बसले होते. पहिल्या रांगेतल्या एका जाडजूड विक्रेत्याने पुस्तिका उघडली. सूचना वाचल्या, मान डोलावली. एकदाच्यांनी सुस्कारा सोडला. विक्रेत्याने शेवटचं पान काढलं. त्याच्या भुवया वर गेल्या.

“साहेब,” तो उभा राहून म्हणाला, “हे ‘आमचे वचन’ मोठ्याने वाचलं तर चालेल ना?”

“अवश्य!” साहेब हसून म्हणाले. “सगळ्यांना ऐकू द्या!”

विक्रेत्याने घसा खाकरला.

“‘आपल्या तक्रारीची तातडीने दखल घेऊ नका. बिघडलेला भाग विनामूल्य बदलून देऊ नका. आपल्या सेवेस सदैव तत्पर राहू नका!’”

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग खोक्यांचा खडखडाट झाला, सगळ्यांनी शेवटचं पान काढलं आणि सभागृह नुसतं फुटलं! माणसं खुर्च्या धरून हसत होती. एक जण डोळे पुसत दुसऱ्याला पान वाचून दाखवत होता. दुरुस्ती विभागाचे प्रमुख शेजारच्याच्या कानात म्हणाले, “सध्या असंच चालतं, पण छापायला नको होतं.”

साहेबांनी एकदाच्यांकडे पाहिलं. एकदाच्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी अभिमानाने मान हलवली. एकही ‘ऊ’ सुटला नव्हता!

मेळावा मात्र झकास झाला. माहितीपुस्तिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे इतके विक्रेते कंपनीने पूर्वी कधी पाहिले नव्हते, आणि हसऱ्या माणसांनी मिक्सरची मागणीही हात सैल सोडून नोंदवली. म्हणूनच साहेबांनी एकदाच्यांना बोलावून आवाज चढवला नाही. फक्त एवढंच म्हणाले, “उरलेल्या पुस्तिकांतलं ते शेवटचं पान आजच्या आज निस्तरा.”

एकदाचे शिक्केवाल्याच्या दुकानात गेले.

“अजून एक शिक्का हवाय. लिहा: ‘शेवटच्या पानावरचे नका वाचू नका.’”

शिक्केवाल्याने कागदावर लिहून घेतलं. मनाशी एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग पेन कानामागे खोचून त्याने विचारलं, “साहेब, हा शिक्का मारायचा कुठे?”

“शेवटच्या पानावर. का?”

“मग यातला शेवटचा ‘नका’ वाचायचा की नाही वाचायचा?”

एकदाचे दुकानातल्या स्टुलावर टेकले. थोडा वेळ समोरच्या शाईच्या बाटल्या मोजल्यासारखं केलं. मग त्यांनी मुकाट्याने खिशातून फोन काढला आणि सासूबाईंना लावला.

“आई,” ते हळूच म्हणाले, “एक वाक्य वाचून दाखवतो. त्यातून तुम्हाला काय कळतं, तेवढं सांगाल का?”

“थांबा हं,” सासूबाई म्हणाल्या, “चष्मा लावते.”